सतरा नंबरचा पंप

मोहावीत वारा कधी सुट्टीवर जात नाही.
दाराच्या फटीतून वाळू येते, तूरडाळीच्या डब्यात जाऊन बसते,
आणि मंदाकिनी म्हणते, कूलरचं डावं बेअरिंग
मंगळवारपर्यंत टिकेल.
मंगळवारी जातं.

एकोणतीस वर्षं झाली. मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो,
ती अवकाशात जाणाऱ्या यानांना
इंधन पाजणारे पंप बांधते.
माझा वाढदिवस दोनदा विसरलीय.
पण समोरच्या लवर्नबाईंचा पिकअप वळणावर यायच्या आत
हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर धावते,
तिला आज घाट चढायला लावू नका म्हणून.

यंत्रांना ती अहो म्हणते.
मला अरे.

सतरा नंबरचा पंप चाचणीच्या चौथऱ्यावर चढवला
तेव्हा पडद्यावरच्या सगळ्या रेघा शहाण्या होत्या.
दाब ठीक, तापमान ठीक, थरथर मर्यादेत.
तिनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आवरणाला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
"काहीतरी गिळून बसलेत हे."
एलिसेओनं न बोलता डबा पुन्हा कपाटात ठेवला.
त्याला ठाऊक होतं, जेवणाची सुट्टी गेली.

बैठक झाली. चौदा माणसं, एक पेन.
कुठल्या आलेखात दिसतं हे?
कुठल्याच नाही.
मग आम्ही लिहायचं काय?
लिहा, मी सही करत नाही.

अकरा दिवस.
पातं न् पातं सुटं करून पांढऱ्या कापडावर मांडलं,
भिंगाखाली फिरवलं, उजेडात, अंधारात, निळ्या दिव्यात.
आत काही नव्हतं.
कीस नाही, चीर नाही, एखादा चुकार केससुद्धा नाही.

त्या रात्री तिनं भात कालवला आणि नुसती बघत बसली.
मी म्हटलं, चुकतं गं माणूस.
"माणूस चुकतं," ती म्हणाली.
पुढचं वाक्य आलंच नाही. ताट मीच उचललं.

मग जोडला पुन्हा. तेच भाग, तोच क्रम,
तेवढेच आवळलेले बोल्ट.
फिरवला. स्क्रूड्रायव्हर, हाड, डोळे.
"आता बरे आहेत."
कशानं?
तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही.
अहवालातला कारणाचा रकाना आजही कोरा आहे,
अकरा दिवसांचा खर्च मात्र
कुणीतरी तिच्या नावापुढे नीट लिहून ठेवलाय.

मार्चमध्ये यान निघालं, पार किनाऱ्यावरून.
नियंत्रण कक्षात तिच्यासाठी खुर्ची होती. गेली नाही.
आम्ही कुंपणाशी गाडी लावली,
जिथं म्हातारी विमानं रांगेनं उभी असतात,
इंजिनांना चंदेरी कागद गुंडाळलेली.
पश्चिमेला एक उजेड उगवला, वर गेला, वाकला.
उजेड आला, आवाज आला नाही.
ती मान तिरकी करून उभी, बराच वेळ,
मग मागं वळून विमानांकडे पाहिलं,
निघताना थोरांच्या पाया पडायचं
राहून गेल्यासारखं.

रात्री तीनला अंथरुणाची तिची बाजू गार.
स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
फ्रिजवर तळहात ठेवून उभी होती.
वर आता सतरा नंबरचे फिरत असतील, म्हणाली,
आणि तिथं हवाच नाही रे. कशातून ऐकायचं?

मी शेजारी उभा राहिलो. मला यातलं काही कळत नाही,
उभं राहता येतं.
तेवढ्यात फ्रिज थांबला, नेहमी थांबतो तसाच,
आणि घरात इतकं शांत झालं
की लांबची मालगाडी, शेवटच्या डब्यापर्यंत, मोजता आली.
आम्ही वाट पाहिली.

खट्. मग ती जुनी घरघर.
"आलात का," ती म्हणाली,
आणि मला: "फरशी गार आहे.
चपला कुठायत तुझ्या?"