परिशिष्ट क

शिरोलीच्या शेडमध्ये, भट्टी थंडावल्यावर,
मी कराराचा मसुदा उघडून बसते.
बुर्साच्या कंपनीला द्यायचाय आपला व्हॉल्व्ह:
पाच वर्षं, फक्त त्यांच्या हद्दीत, रॉयल्टी साडेतीन टक्के.
पुण्याच्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या,
"जे लिहाल तेच तुमचं ठरेल.
आणि जे लिहाल ते त्यांना कळेल.
बघा, कुठं थांबायचं."

दस्तगीर मेस्त्री वाळूची मूठ वळतो, उघडतो.
ढेकळावर पाच बोटं उमटलेली.
मधोमध मोडतो, कानाशी नेतो.
"लिव्ह पोरी, पाणी बास."
मी लिहिते: ओलावा ३.२ ते ३.८ टक्के.
तो वाचून घेतो माझ्याकडून, हसतो.
"आन् पंचगंगा पात्राबाहीर आल्यावर?
हवाच भिजल्याली असती तवा?"
त्याला रकाना नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा इंजिनिअर आला होता.
भला माणूस. तांबडा रस्सा पिऊन डोळे पुसत हसला.
मेस्त्रींच्या हातांचा व्हिडिओ घेऊ का, म्हणाला.
मी नाही म्हटलं, आणि मलाच कसंसं झालं,
पाहुण्यापुढचं ताट ओढून घ्यावं तसं.

कलम अकरा:
वस्तू उघडून, मापं घेऊन, तशीच दुसरी बनवण्यास मनाई.

इथं हात थांबतो.
समोर खिळ्याला टांगलाय सागवानी पॅटर्न,
वडिलांच्या हातचा, उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यातला.
कुणा बागायतदाराचा जर्मन पंप दुरुस्तीला आलेला.
रात्रीत उघडला, 'पुढारी'च्या पानांवर सुटे भाग मांडले,
भोवतीनं पेन्सिल फिरवली,
सकाळी जोडून परत. दुरुस्तीचे पैसेही घेतले.
"शिकलो," म्हणायचे ते. दुसरा शब्द कधी वापरला नाही.

पहिले सात पंप गळले.
बिडाचं असंच असतं, गार होताना आकसतं.
वस्तूवरून वस्तू काढली की नक्कल
शंभराला एक बारीक येते.
ते एक कुठून आणायचं, हे जर्मनानं सांगितलं नव्हतं,
आणि आठव्या पंपात वडिलांनी काय केलं
ते त्यांनीही कुठं लिहून ठेवलं नाही.
दस्तगीर तेव्हा चौदा वर्षांचा, कंदील धरून उभा.

कलम अकरा मी तसंच ठेवते.
खाली एक ओळ वाढवते: प्रत्यक्ष शिकवण्याचा मोबदला वेगळा,
दर दिवशी, मेस्त्रींच्या नावे.
किती लिहू, विचारायला वळते
तर तो हात धुवायला गेलेला.
कागदांवर ढेकळाचे दोन तुकडे,
एकावर तीन बोटं, एकावर दोन.