रक्ती

बोटाला सुई टोचली. थेंब वर आला.
परिचारिकेने तो काचेच्या फटीत ओढून घेतला
आणि यंत्राने आकडा दाखवला, नऊ पूर्णांक सहा.
अकरा हवेत, ती म्हणाली,
जणू आम्ही बाजारात घासाघीस करतोय
आणि सौदा थोडक्यावरून अडलाय.

यादिरा रडली नाही.
बोट तोंडात घालून चोखत बसली.
मला वाटलं, शहाणी आहे पोर,
आपलं आपल्याकडेच ठेवतेय.

चिठ्ठीवर लिहून दिलं होतं
काळीज, पालक, लाल मांस.
मी चिठ्ठी उलटी करून पाहिली.
मागे दर लिहिलेले नव्हते.

लिमाचे रस्ते जिथे हात टेकतात
तिथून आमच्या पायऱ्या सुरू होतात.
दोनशे चौदा. पिवळ्या.
हिवाळाभर धुकं, कपडे चार-चार दिवस ओले,
समोरची टेकडी पाटीवरून पुसल्यासारखी.
साठाव्या पायरीवर यादिरा दर वेळी बसायची,
बुटाची नाडी बांधायला.
नाडी सुटलेली नसायची.

रिक्षाचा हप्ता भरून वीलमर हातावर ठेवतो
ते पंधरा सोल. कधी अकरा.
तोंडं पाचच, त्यात काही कमीजास्त होत नाही.
सोमवारी मसूर.
मंगळवारी तीच मसूर, पाणी घालून.
आता तिला सूप म्हणायचं.
किन्वा माझ्या आईच्या वावरात
कोंबड्यांपुढे फेकायचे.
आता तो छापील पिशवीत बसून परदेशी जातो,
ओळखही दाखवत नाही.

बाजाराला उठता उठता जावं.
पाचच्या सुमाराला टोमॅटो थकलेले असतात
आणि विकणारेही.
फोर्तुनातोच्या गाळ्यावर कोंबडीचे पाय, माना,
आणि खाली बादलीत साकळलेलं रक्त.
एका सोलला वाडगाभर.
"यात लोखंड आहे, हर्मेलिंदा,
हवं तर त्या यंत्रालाच विचार."

उकळत्या पाण्यात मीठ टाकून अलगद सोडायचं.
ते काळपट होतं,
खरवसासारखं थरथरतं.
मग कुस्करायचं. कांदा, लसूण,
पिवळ्या मिरचीचा एवढासा तुकडा, शेवटी पुदिना.
वर लिंबू पिळायचंच,
नाहीतर लोखंड अंगात ठरत नाही,
माझ्या दिरासारखं येतं आणि जातं.
जेवणावर चहा बंद.
सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चार ताटल्या वाढायच्या.
तवा पुसायला माझ्याकडे पाव.

"काय आहे हे?"
"काळीज," मी म्हटलं.
यादिराने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं,
आणि खाल्लं.
आठवड्यातून तीनदा. तीन महिने.
धाकट्याने एकदा भिंतीवर फेकलं,
तो डाग अजून आहे,
लाल नाही, तपकिरी.

काल पुन्हा सुई, पुन्हा थेंब.
दहा पूर्णांक सात.
अजून थोडं, परिचारिका म्हणाली.
लिंबं या आठवड्यात दुप्पट झालीत,
हे मी तिला सांगितलं नाही.

घरी येताना, विसाव्या पायरीच्या आसपास,
यादिरा म्हणाली,
"ते काळीज नव्हतंच ना."
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"कधी कळलं?"
"पहिल्याच दिवशी.
एवढा बारीक कांदा
तू फक्त खोटं बोलताना चिरतेस."

मग खाल्लंस का, हे विचारायला मी तोंड उघडलं
तर ती बरीच पुढे गेलेली,
धुक्यात नुसते बूट दिसत होते, उड्या मारणारे.

मी थांबले. पायऱ्या मोजल्या.
साठ.
वरून तिने हाक मारली, "काय झालं, आई?"
मी खाली वाकून पाहिलं.
माझ्या चपलांना नाडी नाही.