दुसरं टोक

ऑर्वोक्कीच्या मधल्या खोलीत नऊ संगणक आहेत,
सगळे टाकलेले.
चार शाळेने काढले, दोन ग्रंथालयाने,
एक बर्फात उभा होता कचऱ्याच्या पेटीशेजारी
आणि उरलेले दोन कुठले, तिलाही आठवत नाही.

बाहेर उणे सव्वीस.
आत पंख्यांची घरघर,
यंत्रांच्या डोक्यावर दह्याच्या डब्यांत टोमॅटोची रोपं,
बुडाला ऊब घेत वाढताहेत.
या खोलीतला हीटर तिने कधीच बंद केला.
तरी पुतण्या इल्पो विजेचं बिल हलवत म्हणतो,
आत्या, हे म्हणजे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.
अर्थात तो हे फिनिशमध्ये म्हणतो,
त्यात न्हावी नसतो, भिंतही नसते,
पण रोख तोच.

ती म्हणते, रिकामे होते तेव्हा होते.
आता कामावर आहेत.

काम असं, की दूर एका विद्यापीठात
एक दुखणं उलगडायला घेतलंय,
ते एका छताखाली मावत नाही.
म्हणून त्याचे तुकडे केले, लाखो,
आणि ज्याच्या घरी यंत्र बसून आहे
त्याच्याकडे एकेक धाडला.
प्रथिनाचा एक धागा. तो कुठे दुमडतो, किती वेळा.
भलतीकडे दुमडला तर माणूस आधी नावं विसरतो,
मग चमचा कसा धरायचा ते.
तिकडे याला ताल्कोत म्हणतात. आपण सावड म्हणू:
आज तुझ्या शेतात मी,
उद्याचं कुणी विचारत नाही.

ऑर्वोक्कीला प्रथिन कळत नाही.
घडी कळते.

एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात.
दोन कोपरे तिच्या हातात, दोन लेम्पीच्या,
मध्ये ओलसर पांढरं कापड.
ओढायचं, झटकायचं, ताणून धरायचं,
मग चालत चालत एकमेकींकडे यायचं
कोपऱ्याला कोपरा लागेपर्यंत.
लेम्पीच्या तोंडाला कॉफीचा वास यायचा.
बोलणं फारसं नाहीच.
दिवसाला चारशे चादरी, आणि त्यांवर कोण झोपलं,
कोण उठलं, कोण नाही,
हे धुलाईघराला कुणी कळवत नसे.

म्हणून तिला ते एक पटकन समजलं:
प्रत्येक तुकडा दोघांकडे जातो.
एक तिच्याकडे, एक कुठल्यातरी अनोळख्याकडे,
आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच खरी धरतात.
त्या माणसाचं नाव दिसत नाही,
फक्त एक आकडा, आणि जुळलं की हिरवी खूण.
ती खूण दिसली की तिची बोटं आपसूक चिमटीत येतात.

जानेवारीत सातव्या यंत्राचं जुळेना.
एकदा, दोनदा, अकरा वेळा.
तिसऱ्याकडे पाठवून निवाडा झाला:
चूक हिची.
इल्पो म्हणाला, बघ.
ती काही बोलली नाही. पेचकस घेतला,
झाकण काढलं. आत मांजराचे केस,
तेही त्या मांजराचे जे चार वर्षांपूर्वी गेलं.
ते तिने फुंकून टाकले नाहीत,
चिमटीने वेचून खिशात ठेवले,
मग स्मृतीची पट्टी काढली, खोडरबराने घासली,
परत बसवली.
रात्रभर बाजूला खुर्ची टाकून बसली,
तापलेल्या पोराजवळ बसावं तशी.

पहाटे, म्हणजे घड्याळात, उजेड इथे अकराला येतो,
हिरवी खूण.

परवा कामच आलं नाही.
तुकडे संपले, की त्यांचे पैसे, माहीत नाही.
नऊ यंत्रं दर काही मिनिटांनी विचारत राहिली,
काम आहे का.
नाही.
काम आहे का.
रोपं गारठतील म्हणून तिने स्वतःची चादर आणली,
दोरीवरून नुकतीच उतरवलेली, कडक गोठलेली.
खोलीत जरा वेळाने ती सैल पडली.
तेव्हा ऑर्वोक्कीने तिची दोन टोकं
दाराच्या मुठीला बांधली,
मागे सरकत गेली, ताण येईपर्यंत,

आणि झटकलं.