खटका

पारसिकच्या चढावर सुलभाबाई तांडेल
हाफ क्लच शिकत होत्या.
उंची चार फूट दहा, वय एकोणपन्नास,
पाठीशी उशी, उशीमागे अजून एक उशी.
हँडब्रेक सोडला, गाडी जराशी धापली,
आणि सीट
त्यांना घेऊन मागच्या मागे गेली.

पाय हवेत. चपला तिथेच, पेडलवर.
मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर
जवळजवळ उभीच राहिले.
मागे पाण्याचा टँकर. त्याला हॉर्नही सुचला नाही.
"मॅडम, मी काही नाही केलं,"
सुलभाबाई म्हणाल्या,
आणि या वेळी ते खरं होतं.

सीटचे नखरे तसे महिन्याभराचे.
दांडी वर, सरका, दांडी सोडा,
की खट् व्हायला पाहिजे.
होत नव्हतं.
जरा अंग हलवा, लागेल, असं मीच सांगायचे.
लागायचं. म्हणजे, लागल्यासारखं वाटायचं.
मागे लाकडाचा ठोकळा कोंबून
एक अख्खी बॅच काढली मी,
हे कुठे बोलू नका.

तुर्भ्याला मुकादमांनी चार बोल्ट सोडले,
सीट उचलून फुटपाथवर ठेवली
आणि म्हणाले, बसा कुंदाताई.
बसले.
समोर भाजीचे ट्रक मार्केटकडे वळतायत,
खाली गाडी नाही, हातात स्टेअरिंग नाही,
आणि माझा डावा पाय
आपला आपण क्लच शोधतोय.
अठरा वर्षं मी शेजारच्या सीटवर.
स्वतःच्या गाडीत उजवीकडे बसते
ती फक्त गॅरेजला येताना.

सीटखाली निघाले दोन चिंचोके, केसांचा चाप,
कुणाचा तरी डोळे मिटलेला पासपोर्ट फोटो
आणि खोबऱ्याची वडी, दगड झालेली.
"हीच अडकली होती का?"
"नाही हो. वडी बिचारी निर्दोष आहे.
डावी पट्टी लागते,
उजवी लागल्याचं सोंग करते.
बोट फिरवा इथे."

फिरवलं.
खाचा कुठल्या, नुसती गुळगुळीत वाट.

"घरच्या गाडीत एकच खाच झिजते," मुकादम म्हणाले,
"मालकाची. तुमच्या सगळ्याच गेल्यात,
पहिलीपासून शेवटपर्यंत. किती माणसं बसवलीत?"

मोजली नाहीत. वह्यांत असतील.
पार मागच्या खाचेत कोपरखैरण्याचा ढोबळे,
तरी गुडघे छातीशी.
पुढून तिसऱ्या खाचेत त्या घणसोलीच्या बाई,
नवऱ्यामागे वर्षभर गाडी कव्हरखाली ठेवलेल्या.
सीट नीट करता करता एकदम म्हणाल्या होत्या,
ते फार लांब बसायचे हो.
मी म्हटलं होतं, आरसा बघा.
दुसरं काय म्हणणार?

"वेल्डिंग करून द्या ना," मी म्हटलं.
मुकादमांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी विषय बदलून चहा सांगितला.

संध्याकाळी पोरगा भंगारातून जोड घेऊन आला.
स्प्रिंग नवी घातली, तार नवी,
पट्ट्या कुणाच्या तरी घरच्या गाडीच्या.
मुकादमांनी बॅटरीच्या उजेडात न्याहाळल्या.
"कोऱ्या आहेत. फक्त पाचवी सोडा.
तिथे कुणीतरी फार वर्षं बसलंय."

सोमवारी सुलभाबाई आल्या, पायात पट्ट्याचे बूट.
सीट पुढे ओढली.
खट्.
त्यांनी अंग हलवून बघितलं. परत हलवलं.
मग माझ्या बाजूचा ब्रेक जागेवर आहे का
तेही वाकून बघितलं.

पाचवीवर मी पांढरी खूण केली आहे.
उंच पोरं विचारतात, इथे का नाही?
कुणाला सांगते झिजली आहे,
कुणाला नुसतंच, एक पुढे घे.

चढावर तोच टँकर होता मागे.
बरंच अंतर ठेवून थांबला होता.