बारा टक्के

गच्चीवरच्या टाकीचा पाइप धरून चढलेला वालाचा वेल.
खालच्या शेंगा पिवळ्या होऊन
हात लागला की कागदासारख्या वाजायच्या.
उद्या तोडू, परवा तोडू,
आणि पौषात, मंगळवारी रात्री, मावठा आला.

आमच्या इंदुरात मावठा येतो
तो रजा टाकून आलेल्या मेव्हण्यासारखा:
चार दिवस हलत नाही.

मी बॅटरी तोंडात धरून तोडत होतो.
शरयूनं छत्री धरली होती,
माझ्यावर नाही, टोपलीवर.
"वरच्या हिरव्या राहू द्या," म्हणाली,
"त्यांची भाजी होईल."
पाणी माझ्या मानेवरून आत, पाठीच्या पन्हळीतून खाली.

मग घरभर शेंगा.
इस्त्रीच्या टेबलावर, इन्व्हर्टरच्या कोमट पाठीवर,
फ्रिजच्या डोक्यावर, दिवाणाखाली.
जुन्या पेपरवर पसरल्या,
तर एका दाण्यावर निविदेची अर्धी ओळ उलटी उमटली.
पंखा पाचावर, आणि आम्ही दोघं स्वेटर, कानटोपी घालून
पंख्याखाली जेवतोय.
चौहानांची पिंकी दारातूनच म्हणाली,
"अंकल, ये क्या, गर्मी लग रही है?"

एकतीस वर्षं मी देवास नाक्याच्या सोयाबीन प्लांटात
काचेमागे बसून ओल मोजली.
मूठभर दाणे कपात, झाकण, बटण.
बारा म्हणजे घ्या.
तेरा म्हणजे भाव पाडा.
त्याच्या वर साहेबाला विचारायचं
आणि साहेब जेवायला गेलेला असायचा.

हातोदचा भेरूलाल आठवतो.
यंत्रानं तेरा पॉइंट आठ दाखवलं.
त्यानं एक दाणा दाढेखाली घेतला,
कट्‌कन फोडला,
दोन्ही अर्धुकं तळहातावर माझ्यापुढे धरली:
"बाबूजी, सूखो है. दाँत से पूछो."
मी म्हटलं, दाताची पावती निघत नाही.
तो चिडला नाही.
तळहात झटकला, ट्रॉली वळवायला लागला.
आवारात तेव्हा भुरभुर सुरू झालेली.
पोरानं आणि त्यानं ताडपत्रीची टोकं धरली,
तिसरं टोक वाऱ्यानं धरलं.
मी काच पुसून पुढचा नमुना घेतला.

तिसऱ्या रात्री, दीडच्या सुमारास,
टक.
कुणी नखानं दार वाजवावं तसं.
पुन्हा टक, आणि फरशीवरून काहीतरी घरंगळत गेलं.
शेंगा आपणहून उलत होत्या, पिळ भरून,
दाणे बाहेर फेकत होत्या.
शरयू अंधारात म्हणाली, "झाल्या बहुतेक."
मी म्हटलं, "शेंग वाळते आधी. दाण्याचं सांगता येत नाही."
"तुम्हाला कधी सांगता आलंय," ती म्हणाली
आणि कूस बदलली.

सकाळी कचरागाडी आली, गाणं वाजवत.
पोरानं विचारलं, "गीला के सूखा?"
माझ्या हातात टरफलांची पिशवी.
अख्खं शहर ज्याचं उत्तर झोपेतही देईल
तिथं मी उभा, आत बोटं घालून चाचपत.
त्यानंच एक टरफल चोळलं,
चुरा नीट होईना,
"गीला," म्हणाला, हिरव्यात टाकलं, पुढे गेला.

दुपारी दीड तास ऊन पडलं.
आम्ही चादरीसकट गच्चीवर धावलो.
सात-आठ दाण्यांवर पांढरी लव आली होती, ती वेगळी काढली.
बाकीचे पावणेदोन किलो,
पैकी थोडे शरयूनं राखेत घोळून बियाण्याला बांधले.

एक दाणा मी तोंडात टाकला.
डाव्या दाढेला टोपी आहे, तिला काही कळत नाही.
उजवीला विचारलं.
कट्‌ झालं नाही. चिवटही नव्हता.
दात किंचित रुतला, मग तुटला.

असेल, तेरा पॉइंट आठ.
घेतले.

डबा दर रविवारी उघडून हुंगायचा,
एवढं मात्र ठरलंय.