विषय क्रमांक चार

पैसे आपले नसले की हाताला जास्त जड लागतात.
चौतीस वर्षं परक्यांचे मोजले मी, शरणपूर रोडच्या बँकेत,
पण तिथे संध्याकाळी तिजोरी बंद व्हायची
आणि मी घरी जायचे.
खजिनदार झाल्यापासून तिजोरी माझ्यासोबत घरी येते.

अठरा लाख चाळीस हजार.
त्यात म्हसरूळच्या फुलवाल्या बाईंचे दोनशे एक,
पावती क्रमांक सातशे बारा.
नवरा आमच्या खाटेवर गेला,
खाट परत करताना दिलेले.
खाट धुऊन आणली होती.

आमची संस्था म्हणजे एकवीस व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या,
हवेच्या गाद्या,
आणि अशोकस्तंभाजवळचं एक गॅरेज,
जे मालकाला मार्चअखेर परत हवंय.

जागा गायधनींनी शोधली. गोदाकाठचा गाळा,
रेडी रेकनरहून स्वस्त.
"घेऊन टाकू, पुन्हा मिळायचा नाही."
मालक कोण, मी विचारलं.
"मेहुणाच आपला."
तो 'आपला' बराच वेळ टेबलावर पडून होता.
कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, टेप घेऊन.
दाराशी तीन पायऱ्या. उतार करायला वीतभर जागा नाही.
आत नवा रंग, पिस्ता.
छातीच्या उंचीला भिंत बोटाखाली फुगलेली.
शेजारच्या तांब्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं
की आम्ही शटर ओढून माडीवर जातो.
तुम्ही काय ठेवणार इथे?"
गाद्या, म्हटलं.
तो हसणार होता, हसला नाही.

महापालिकेच्या नकाशात पूररेषा निळी असते.
कागदावर किती शहाण्यासारखी वागते.

सभेत चौथा विषय आला तेव्हा मीच म्हटलं,
गायधनी, तुम्ही जरा बाहेर थांबा.
चाळीस वर्षांची ओळख.
माझ्या आईला नेताना पहिला खांदा त्यांचा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला
आणि गेले.

मग आम्ही चौघं मोठ्यानं बोलायला घाबरलो.
खैरनार म्हणाले, "भाड्यानं घेतली तर पैसे पाण्यात."
आणि गाळा घेतला तर गाद्या, मी म्हटलं.
इंदिरानगरची जागा मी दाखवली:
तळमजला, दार रुंद, पायरी एकही नाही,
तीन वर्षांचा करार, नोंदणी करून.
ठेव मोडायची नाही.
मालक कुणाचाच कुणी नाही, हे दोनदा विचारून घेतलं.

दार उघडलं तर गायधनी
धुवायला काढलेल्या व्हीलचेअरवर बसलेले, रस्त्याकडे तोंड करून.
काय ठरलं, विचारलं नाही.
"हिचं उजवं चाक ओढतंय," एवढंच म्हणाले,
आणि आत येऊन पाना शोधू लागले.

इतिवृत्तात मी लिहिलं:
'सदर विषयावेळी श्री. गायधनी सभागृहाबाहेर होते.'
सभागृह! चार खुर्च्या आणि एक पंखा.
त्यांनी वाचलं, ग्रीसच्या बोटांनी सही केली,
तारीख घालायची विसरले.
खैरनार घालायला निघाले होते.
मी वही पुन्हा गायधनींकडेच सरकवली.