शिडीवरून ऐकलेली कविता

शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत,
किल्ल्या घडवणारा पठाण आणि मोबाइलच्या काचा बदलणारा बंगाली
यांच्या मधल्या बोळकांडीत
एक पुस्तकांचं दुकान आहे. नाव हामिश.
हामिश म्हणजे समास, बुशराबाईंनी नंतर सांगितलं,
वहीच्या कडेला रेघ मारून सोडून देतात ती जागा.

ऑगस्ट. गुरुवार. एसी बंद.
मी पोचलो तेव्हा आत वीसेक माणसं
घामानं खुर्च्यांना चिकटलेली,
आणि उठून कुणीच जात नव्हतं.
"कार्यक्रम चालू राहील, तू तुझं काम कर,"
बाई म्हणाल्या, सुदानी तोंडातल्या गल्फच्या हिंदीत.
मी शिडी टेकवली ती नेमकी
स्पॅनिश पुस्तकांच्या कपाटाला.

खाली माइकशी एक ठेंगणी बाई.
नेलिदा वायता. देश पेरू.
मला हसू आलं.
आमच्याकडे पेरू झाडाला लागतो,
शाळेच्या फाटकाशी तिखटमीठ लावून मिळतो.
ही दुबईच्या हॉटेलात चादरी मोजते
आणि चादरींच्या पावत्यांमागे लिहिते.
चाळीस प्रती आणल्या होत्या,
स्वतः छापून, स्वतः पिना मारून.

ती एक ओळ वाचायची स्पॅनिशमध्ये,
मग कोट्टायमच्या बेन्सी टीचर तीच ओळ इंग्रजीत,
मग मी, ब्लोअरच्या धुळीत नाक खुपसून,
मनातल्या मनात मराठीत.

पापा, नेलिदा म्हणाली.
बाप, बेन्सी टीचर म्हणाल्या.

बाप आम्ही उघड्या माळावर पसरला,
हीव पडतं त्या रात्री.
सकाळी गोठून दगड झालेला.
मग बाया, पोरं, सगळे अनवाणी त्याच्यावर चढलो
आणि तुडवला,
अंगातलं पाणी निघेस्तोवर.
मग ऊन. परत हीव. परत पाय.
शेवटी बाप इतका हलका झाला
की पोत्यात भरून ठेवला
तर दहा वर्षं टिकला.

कुणी खोकलं नाही.
पुढच्या रांगेतल्या सिरियन म्हाताऱ्यानं चष्मा काढून हातात धरला.
माझा एक स्क्रू सुटला,
कुठल्याशा जाड कादंबरीमागं गेला.
अजून तिथंच असेल.

माझा बाप मंचरच्या मार्केट यार्डात हमाल.
पन्नास किलोचं पोतं, एकोणतीस वर्षं.
मागच्या सुट्टीत त्याला आधार देऊन उठवलं
तर हाताला वजनच लागेना.

इतक्यात नेलिदा थांबली.
बेन्सी टीचरांकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली.
शेवटच्या पा-वर जोर दिला तर बाप.
हा आखूड पापा.
हा बटाटा.

बटाटा!
वीस माणसं खुर्च्यांसकट हलली.
टीचरांनी ओढणीत तोंड लपवलं.
मीही हसलो, जरा उशिरा,
शिडीवर भाषांतर पोचायला वेळ लागतो.
पण टीचरांचं नेमकं काय चुकलं
ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी गार हवा सुटली
आणि टाळ्या पडल्या.
तिला वाटलं तिला, मला वाटलं मला.

बिल केलं : कपॅसिटर एक, ड्रेन साफ,
मजुरीतून एक प्रत वजा.
सही करताना नेलिदानं विचारलं, नाव काय घालू?
मी आबांचं सांगितलं. भिवसेन.
तिनं तीनदा म्हणून बघितलं,
तिसऱ्यांदा बरोबर जमलं.

रात्री खोलीवरून फोन लावला.
आबा, बटाटा मूळचा कुठला, माहितीये?

"कुठला म्हंजी?
सातगाव पठारावरचा."

मग थोडं थांबून,
"तिकडं काय भाव चाललाय?"